एका जनुकाचा प्रवास : साल्मोनेला ते कपाशी

अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावी जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने परवानगी नसलेल्या एचटीबीटी कपाशीची जाहीर लागवड केली. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या सरकीतल्या जनुकाचा पूर्वेतिहास मात्र मला मराठीत फारसा सापडेना, म्हणून मीच तो धुंडाळू लागलो. जीवशास्त्राचे माझे शिक्षण सगळे ग्रंथालयातले.

मॉन्सॅन्टो कंपनीच्या जॉन फ्रँझ यांनी १९७० मध्ये ग्लायफोसेटचा तणनाशक गुण ओळखला. ते झाडाला नेमके कुठे मारते, हे १९८० मध्ये स्टाइनरुकेन आणि आम्राइन या जर्मन संशोधकांनी दाखवले. वनस्पती आणि जिवाणू ट्रिप्टोफॅन, फेनिलॅलनिन व टायरोसिन ही अमिनो आम्ले स्वतः घडवतात. त्या वाटेवरचे एक एन्झाइम ग्लायफोसेट अडवते. माणसात ही वाटच नाही. (म्हणून ते माणसाला निर्धोक, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.)

वाट एकच, तर झाडाचा प्रश्न जिवाणूवर सोडवता येईल, हे कॅलिफोर्नियातल्या कॅल्जीन कंपनीत लुका कोमाई आणि सहकाऱ्यांनी हेरले. झाडे हजारांनी तपासायची तर शेत लागते. जिवाणू एका थाळीत कोट्यवधी मावतात. त्यांनी साल्मोनेलात उत्परिवर्तने घडवली आणि ग्लायफोसेटमध्ये तगलेले जिवाणू निवडले. त्यांच्यातले 'अॅरो-ए' हे जनुक वेगळे काढून ई. कोलाय जिवाणूत घातले, तेव्हा तोही ग्लायफोसेटला दाद देईना. हा शोधनिबंध १९८३ चा. एन्झाइमच्या साखळीत १०१व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन आले होते, बस्स. १९८५ मध्ये तेच जनुक तंबाखूत चालले.

बाजार मात्र दुसऱ्याच जनुकाने जिंकला. मॉन्सॅन्टोच्या लुइझियानातल्या ग्लायफोसेट कारखान्याच्या सांडपाण्यात एक अॅग्रोबॅक्टेरियम तग धरून होता. त्याचे 'सीपी-फोर' जनुक १९९६ मध्ये सोयाबीनमधून शेतात आले, पुढे कपाशीत. आपल्याकडे त्याला मंजुरी नाही. २०१९ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. तरी 'चोर बीटी' गावोगाव पोहोचलेच.

निंदणीची मजुरी वाचते, हा त्याचा मोठा फायदा सांगतात. शेतकऱ्याच्या खर्चाचे हिशेब मी बरेच वाचले. निंदणाऱ्या बायांच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब अजून शोधतो आहे.