पानाबाहेर पाहण्याची रीत

अपप्रचार ओळखण्याचे शिक्षण शाळेत द्यावे, हा विचार इंटरनेटहून बराच जुना आहे. पहिल्या महायुद्धातील सरकारी प्रचार अनुभवलेल्या आणि युरोपातील हुकूमशहांचा उदय पाहणाऱ्या अमेरिकेत १९३७ साली, व्यापारी एडवर्ड फिलीन यांच्या देणगीतून व क्लाइड मिलर या अध्यापकाच्या पुढाकाराने, न्यूयॉर्कमध्ये प्रचार-विश्लेषणाची एक संस्था उभी राहिली. तिने प्रचाराच्या सात युक्त्यांना नावे दिली आणि १९३९ च्या एका पुस्तकात फादर कॉफलिन या रेडिओ-धर्मोपदेशकाचे भाषण घेऊन त्याच्या ओळींमध्येच युक्त्यांची चिन्हे छापली: विरोधकाला दूषण दिले असेल तेथे खाली वळवलेला अंगठा, गोंडस पण पोकळ शब्द असेल तेथे लखलखते रत्न, 'मी तुमच्यातलाच' असा आव असेल तेथे जुना जोडा. शिकवण्याचे साधन म्हणून ही कल्पना झकास होती. परंतु सत्याचा पुरस्कारही याच युक्त्यांनी करता येत असल्याने विधान खरे की खोटे, हे चिन्हांवरून ठरत नसे, आणि मुले कशावरच विश्वास ठेवेनाशी होतील, असा आक्षेपही घेतला गेला. अमेरिका युद्धात उतरल्यावर, १९४२ मध्ये, संस्थेचे काम थांबले.

इंटरनेट आल्यावर ग्रंथपालांनी लेखकाचा अधिकार, अचूकता, हेतू इत्यादी प्रश्नांच्या याद्या विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. मात्र त्यांची उत्तरे बहुधा त्याच संकेतस्थळावर शोधली जात, म्हणजे आरोपीलाच साक्षीदार केले जाई.

ही उणीव स्टॅनफर्डच्या सॅम विनबर्ग व सारा मॅकग्रू यांच्या २०१७ मधील अभ्यासाने उघडी पाडली. त्यांनी १० इतिहासकार, १० तथ्यतपासनीस (बातम्यांतील दावे पडताळणारे व्यावसायिक) आणि २५ विद्यार्थी यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे दाखवली. बहुसंख्य विद्यार्थी नेटक्या मांडणीला भुलले. आश्चर्य म्हणजे, दस्तऐवज कोणी व कशासाठी लिहिला हे आधी पाहण्यात मुरलेले इतिहासकारही अडखळले. तथ्यतपासनीस मात्र पानावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी नवे टॅब उघडून त्या संघटनांविषयी इतर काय म्हणतात हे पाहिले. या पद्धतीला 'आडवे वाचन' म्हणता येईल. त्यातूनच त्यांना चटकन कळले, की एक संघटना १९३० पासूनची, हजारो सभासदांची अकादमी आहे, तर दुसरी समलिंगी जोडप्यांच्या दत्तकविधानाला अकादमीने दिलेल्या पाठिंब्यावरून २००२ मध्ये फुटून निघालेला लहानसा गट.