लंकेच्या समेटांतील तिसरा पक्ष

लंकेंतील यादवीची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दोन पक्ष उभे राहतात. एक सिंहली आणि दुसरा तमिळ. १९८३ मध्यें पेटलेलें तें युद्ध २००९ च्या मे महिन्यांत संपलें, आणि तेव्हांपासून 'राष्ट्रीय समेट' हा शब्द त्या देशांतील सभांत व सरकारी कागदांत एकसारखा वावरूं लागला. समेट म्हटला कीं तो दोघांचा, असें आपण सहजच गृहीत धरतों. परंतु त्या बेटावर लोकसंख्येंत शेंकडा नऊ-दहा भरेल असा मुसलमान समाजही आहे. त्या युद्धांत त्यानें काय गमावलें, समेटापासून त्याची अपेक्षा काय आहे, आणि ती पुरी होणें इतकें कठीण कां झालें आहे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

लंकेच्या मुसलमानांपैकीं बहुतेक लोक जुन्या अरब व्यापाऱ्यांशीं आपलें नातें सांगतात. पोर्तुगीजांनीं त्यांना 'मूर' हें नांव दिलें आणि शिरगणतींत तें अद्यापि टिकून आहे. बहुसंख्य कुटुंबांत घरची भाषा तमिळ आहे. तरी ते स्वतःला तमिळ म्हणवीत नाहींत. भाषेनें एकाचे शेजारी, वस्तीनें निम्म्याहून अधिक दुसऱ्याचे शेजारी, अशी त्यांची स्थिति आहे. उत्तरेकडील जाफना शहरांत 'सोनकर तेरू' म्हणजे मूरांची आळी होती. शिंपी, सोनार, कापडाचे व लोखंडाचे व्यापारी तेथें राहत. मन्नारच्या किनाऱ्याला मुसलमान कोळी व शेतकरी होते. ए. एम. ए. अझीझ हे विद्वान गृहस्थ १९११ मध्यें याच जाफन्यांत जन्मले, तेथील हिंदु कॉलेजांत शिकले, आणि पुढें सिलोनच्या सनदी नोकरींत शिरणारे पहिले मुसलमान ठरले. एका मुसलमान मुलाचें शिक्षण हिंदु विद्यालयांत व्हावें, यावरून त्या शहरांतील शेजारधर्माची कांहींशी कल्पना येईल.

हा शेजार मोडला कसा? १९५६ च्या कायद्यानें सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. त्याविरुद्ध लढतांना तमिळ पुढाऱ्यांनीं 'तमिळ भाषिक' या एका नांवाखालीं मुसलमानांनाही आपल्यांत धरलें. मुसलमानांना तें पुरतें मानवलें नाहीं. १९८१ मध्यें श्रीलंका मुस्लिम काँग्रेस स्थापन झाली, ती आपला आवाज स्वतंत्र असावा या भावनेंतून. १९८७ च्या भारत-लंका करारान्वयें उत्तर व पूर्व हे प्रांत जोडण्यांत आले, आणि पूर्व प्रांतांत सुमारें एक-तृतीयांश असलेला हा समाज जोडलेल्या प्रांतांत जेमतेम सहावा हिस्सा होऊन बसला. हा करार करतांना त्याला कोणीं विचारलें नव्हतें. आपल्या नशिबाचा निवाडा आपल्या गैरहजेरींत होतो, ही त्याची तक्रार तेव्हांपासूनची आहे.

१९९० च्या जून महिन्यांत सरकार व लिबरेशन टायगर्स यांच्यांत पुन्हां लढाई जुंपली. ३ ऑगस्ट रोजीं पूर्वेकडील कात्तानकुडी गांवीं दोन मशिदींत नमाजासाठीं जमलेल्या शंभरांहून अधिक माणसांची हत्या झाली. येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच प्रांतांत सरकारनें शस्त्रें दिलेल्या मुसलमान गृहरक्षकांनींही तमिळ गांवांवर हल्ले केले. सूडाला सूड असें चाललें असतांना ऑक्टोबर महिन्यांत टायगर्सनीं साऱ्या उत्तर प्रांतांतून मुसलमानांना हांकून दिलें. ३० ऑक्टोबर रोजीं जाफन्यांतील मुसलमानांना शहर सोडण्यास केवळ दोन तास मिळाले. शें-दोनशें रुपये व अंगावरचीं वस्त्रें यांपलीकडे फारसें कांहीं नेऊं दिलें नाहीं. दागिने वाटेंत काढून घेतले. पंधरा-वीस दिवसांत ७०,००० हून अधिक लोक निर्वासित झाले. कांहींजण लष्कराला बातम्या पुरवितात, हा संशय यामागें होता असें सांगतात. परंतु संशय कांहींजणांवर आणि शिक्षा मात्र तान्ह्या मुलांसुद्धां अवघ्या समाजाला, याचें समर्थन कोणत्याही न्यायानें होत नाहीं. जाफना विश्वविद्यालयांतील मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या कांहीं तमिळ अध्यापकांनीं प्राणभय असतांही या कृत्याचा उघड निषेध केला, ही गोष्ट समेटाच्या इतिहासांत विसरतां येणार नाहीं.

बहुतेक निर्वासितांनीं दक्षिणेकडील पुत्तलम जिल्ह्यांत आसरा घेतला. स्थानिक मुसलमानांनीं प्रथम त्यांना मशिदींत व शाळांत ठेवून घेतलें. मग नारळीच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. चार-सहा महिन्यांत परत जाऊं, असें त्यांना वाटत होतें. महिन्यांचीं वर्षें झालीं. पाणी, मजुरी व शाळेंतील जागा यांवरून यजमान आणि पाहुणे यांच्यांत कुरबुरी होऊं लागल्या. ज्या मुलांनीं जाफना पाहिलाच नव्हता, तीं जाफन्याचे निर्वासित या नांवानें वाढलीं.

आशेचा पहिला किरण २००२ मध्यें दिसला. फेब्रुवारींत शस्त्रसंधि झाली, आणि एप्रिलमध्यें किलिनोच्ची येथें देशोदेशींच्या वार्ताहरांसमोर टायगर्सच्या वतीनें अँटन बालसिंगम यांनीं या हकालपट्टीबद्दल दिलगिरी प्रगट केली. पाठोपाठ मुस्लिम काँग्रेसचे रऊफ हकीम व प्रभाकरन् यांच्यांत करार होऊन मुसलमानांच्या परत येण्यास मान्यता मिळाली. परंतु वाटाघाटींत मुसलमानांना स्वतंत्र शिष्टमंडळ मिळालें नाहीं. हकीम बसले ते सरकारी शिष्टमंडळांत. पुढें संधि मोडली, आणि २००६ च्या ऑगस्टमध्यें पूर्वेकडील मुत्तूरच्या मुसलमानांवर घरें सोडून पळण्याची पाळी आली.

युद्ध संपल्यावर वाट मोकळी झाली, पण वाट मोकळी होणें आणि घर परत मिळणें यांत फार अंतर असतें. वीस वर्षांत कुटुंबें वाढलीं होतीं. घरांचीं छपरें गेलीं होतीं, कित्येकांचे खरेदीखतांचे कागद हरवले होते, कित्येक जागीं दुसरे लोक राहत होते, आणि शेतांत रान माजलें होतें. मन्नारच्या दक्षिणेस असें कांहीं क्षेत्र २०१२ मध्यें राखीव अरण्य म्हणून घोषित झालें. मग परतलेल्यांवर जंगलतोडीचा आरोप येऊन प्रकरण न्यायालयांत गेलें. राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेल्या 'धडे व समेट' आयोगानें २०११ च्या अहवालांत या निर्वासितांसाठीं खास समिति नेमून निश्चित धोरण आंखावें, अशी शिफारस केली. शिफारस चांगली होती. तिचा पाठपुरावा मात्र तसा झाला नाहीं.

इतक्यांत संकटाची दिशा पालटली. २०१४ मध्यें अलुथगामा येथें आणि २०१८ मध्यें कँडीजवळील दिगन येथें सिंहली जमावांनीं मुसलमानांचीं घरें व दुकानें जाळलीं. २१ एप्रिल २०१९ रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, कांहीं माथेफिरू मुसलमान तरुणांनीं चर्चें व हॉटेलें यांत स्फोट घडवून अडीचशेंहून अधिक लोकांचा बळी घेतला. त्यांच्या म्होरक्याविरुद्ध मुसलमानांनींच पोलिसांना आधीं सावध केलें होतें. तरी संशय आला तो साऱ्या समाजावर. पुढें महामारीच्या काळांत, दफन करण्यास जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नसतांही, २०२० मध्यें करोनानें मेलेल्या मुसलमानांचीं प्रेतें सक्तीनें जाळण्यांत आलीं. २०२१ च्या फेब्रुवारींत तो हुकूम रद्द झाला, आणि २०२४ च्या जुलैमध्यें मंत्रिमंडळानें त्याबद्दल क्षमा मागण्याचें ठरविलें.

या इतिहासावरून कोणी म्हणेल कीं, अशा समाजानें समेटाची आशा धरावी तरी कशाच्या जोरावर? माझ्या मतें त्याची मागणी मोठी नाहीं, पण मूलभूत आहे. पहिली गोष्ट, घडलेल्या अन्यायाची कबुली. २००२ ची दिलगिरी एका संघटनेची होती, आणि ती संघटना आज उरली नाहीं. म्हणून ती कबुली आतां शेजारी समाजाकडून व राज्याकडून यावयास हवी. दुसरी गोष्ट, जमिनीचा रीतसर निवाडा; कारण घराच्या उंबरठ्याशिवाय परत येणें म्हणजे केवळ प्रवास होय. तिसरी गोष्ट, बोलणीं जेथें होतील तेथें स्वतःचें आसन.

या मागण्यांत तमिळांचें दुःख कमी लेखण्याचा हेतु नाहीं. तमिळांनीं १९८३ पासून जें सोसलें, आणि युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत त्यांचे जे हजारों लोक मेले, त्याचा न्यायही अजून व्हावयाचा आहे. परंतु मोठें दुःख लहान दुःखाला गिळून टाकीत नाहीं. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. समेट म्हणजे दोन प्रबळांनीं केलेली वांटणी असेल, तर तिसरा तिच्यांतून बाहेरच राहील. समेट म्हणजे एकमेकांच्या अपराधांची व उपकारांची प्रामाणिक नोंद असेल, तर त्या नोंदींत कात्तानकुडीच्या मशिदीही येतील, मुसलमान गृहरक्षकांनीं जाळलेलीं तमिळ गांवेंही येतील, आणि प्राणभय असतां निषेध करणारे जाफन्याचे ते अध्यापकही येतील. लंकेच्या मुसलमानांची आशा अशा नोंदीवर आहे, आणि मला वाटतें, त्या बेटाच्या शांततेचा टिकाऊपणाही तिच्यावरच अवलंबून आहे.