शिसपेन्सिलीत शिसं नाहीच! मग एचबी म्हणजे काय?

आज ऐकता ऐकता एक काम करा. जवळ पेन्सिल असेल तर उचला आणि तिच्यावर काय छापलंय ते बघा. बहुतेक एचबी असेल.

शाळेत एलिमेंटरी परीक्षेला मी २एच पेन्सिल घेऊन बसलो होतो. कितीही घासलं तरी घड्याची सावली करडीच! शेवटी कागद फाटला. वाटलं, आपल्याला चित्रकला जमतच नाही. खरं तर मी फक्त पेन्सिलीवरची अक्षरं वाचली नव्हती.

या अक्षरांची गोष्ट सुरू होते १६व्या शतकात, इंग्लंडच्या बोरोडेल खोऱ्यात. तिथे एक काळा, मऊ खनिज सापडलं. लोकांना ते शिशासारखं वाटलं. १७७९ मध्ये शील या रसायनतज्ज्ञाने दाखवलं की यात शिसं नाही, हा कार्बन आहे. पुढे त्याला 'ग्राफाइट' नाव मिळालं, लिहिणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपण मात्र अजून शिसपेन्सिलच म्हणतो!

बोरोडेलचा ग्राफाइट इतका शुद्ध होता की नुसता कापून लाकडात बसवायचा. तोफगोळ्यांच्या साच्यांनाही तो लागायचा, म्हणून १७५२ मध्ये त्याच्या चोरीविरुद्ध खास कायदा झाला. मग ब्रिटन-फ्रान्स युद्ध पेटलं आणि फ्रान्सला हा माल मिळेना.

तेव्हा निकोला-जाक काँतेने १७९५ मध्ये तोड काढली. हलक्या ग्राफाइटची पूड, त्यात चिकणमाती, आणि कांड्या भट्टीत भाजायच्या. माती जास्त घातली की कांडी कठीण, रेघ फिकी. माती कमी, तर कांडी मऊ, रेघ काळी. आता कठीणपणा कारागिराच्या हातात आला, म्हणून तो सांगायला खूण लागली. १९व्या शतकात अक्षरं रूढ झाली: एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक, एचबी मधली.

गंमत बघा, २एच असो की ६बी, आतल्या ग्राफाइटचे स्फटिक सारखेच. पत्त्यांच्या थप्पीसारखे थर. एका थरात कार्बनचे अणू घट्ट बांधलेले, पण थराथरांतली पकड ढिली. रेघ ओढताना थर सुटून कागदावर राहतात. हिराही कार्बनच, पण त्यात प्रत्येक अणू चारही बाजूंनी जखडलेला. तो कसला सुटतोय!

म्हणजे लेबल सांगतं ते मातीचं प्रमाण. आणि तेही कंपनीगणिक थोडं बदलतं. एकीची एचबी दुसरीपेक्षा काळी निघू शकते. म्हणून दुकानात आधी एक रेघ ओढून बघा. मी तेवढं केलं असतं, तर कागद वाचला असता!