व्हालीचं माहेर आणि कापलेलं जाळं



काही वर्षांपूर्वी आम्ही तिघी जावा गिरनारची यात्रा करून सोमनाथकडे निघालो होतो. पायऱ्यांनी पाय भरून आले होते, पण मन प्रसन्न होतं. गाडीत नेमिनाथ भगवानांचंच बोलणं चाललं होतं. लग्नासाठी कोंडून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमकुमारांनी रथ माघारी वळवला तो याच मुलखात. वेरावळ आलं आणि बंदराकडून माशांचा वास आला. सगळ्यांचे पदर नाकाला गेले. मी म्हणाले, "एवढ्या पवित्र जागेजवळ हे असलं!"

आमचा ड्रायव्हर खारवा, म्हणजे तिकडच्या दर्यावर्दी समाजातला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बेन, माझ्या मेव्हण्यानं स्वतःचं जाळं कापून व्हालीला सोडलंय. आमच्यात आता तिला कोणी मारत नाही."

व्हाली म्हणजे लाडकी, एवढं मला कळलं. पण जाळ्यात सापडणारी ही लाडकी कोण, ते घरी आल्यावर शोधून वाचलं. तोच इतिहास आज तुम्हाला सांगते.

व्हाली म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असलं तरी हा मासाच, मुशीच्या कुळातला, आणि जगातला सगळ्यात मोठा. 12 मीटरपर्यंत वाढतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे आपली एसटी बस समजा. अंगावर पांढरे ठिपके. एवढं धूड, पण माणसाला काही करत नाही. तोंड उघडून पाणी आत घेतो आणि त्यातले बारीक जीव नि लहान मासे गाळून खातो. मादी अंडी पोटातच उबवते आणि पिल्लांना जन्म देते. 1995 मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे 300 पिल्लं सापडली होती.

हिवाळा ते उन्हाळा हा मासा सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ येतो. पूर्वी त्याच्या काळजाचं तेल काढून लाकडी होड्यांना लावत, म्हणजे पाणी आत झिरपत नसे. नंतर परदेशात त्याच्या मांसाला आणि परांना भाव आला आणि 1990 च्या दशकात शिकार फार वाढली. गळाला पिंपं बांधायची, म्हणजे मासा खोल जाऊ शकत नाही आणि ओढून ओढून थकतो. म्हणून तिकडे त्याचं नावच 'बॅरल' पडलं होतं. ज्या वस्तूनं मारायचं, तिचंच नाव त्या जिवाला. वेरावळ, सुत्रापाडा, मांगरोळ या भागात असे शेकडो मासे किनाऱ्यावर ओढून कापले गेले.

ही गोष्ट जगापुढे आणली एका माणसानं. माइक पांडे यांनी या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. 2000 साली त्याला 'ग्रीन ऑस्कर' म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, 2001 च्या मे महिन्यात, केंद्र सरकारनं व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघाला जे संरक्षण, तेच या माशाला. हा मान मिळालेला हा आपल्या देशातला पहिला मासा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कायदा दिल्लीत झाला आणि जाळं समुद्रात होतं. बऱ्याच मच्छीमारांना असा कायदा झाल्याचंही ठाऊक नव्हतं.

2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था, गुजरातचं वन खातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम काढली. रामकथाकार मोरारी बापूंनी तिला आपला आवाज दिला. बापूंनी ना कायद्याची कलमं सांगितली ना शिक्षेची भीती घातली. ते म्हणाले, ही आपली लेक आहे, बाळंतपणासाठी माहेरी येते. दारी आलेल्या गरोदर लेकीला कोणी मारतं का? 'बॅरल'ची 'व्हाली' झाली ती तेव्हा. माहेरी आलेल्या गरोदर मुलीचं पथनाट्य झालं, खऱ्या मापाचा हवा भरलेला व्हेल शार्क गावोगाव फिरवला गेला. पोरबंदर, वेरावळसारख्या गावांनी व्हालीला आपलं मानचिन्ह केलं.

मैत्रिणींनो, हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगावी लागते का? ती त्या खारव्यांच्या घरातही समजावून सांगावी लागली नाही.

पण मी कॉमर्सची पदवीधर. डोळे पुसल्यावर मनात पहिला प्रश्न आला तो जाळ्याचा. व्हाली काही ठरवून जाळ्यात येत नाही, ती अडकते. तिला सोडायचं तर जाळं कापावं लागतं. जाळं महाग, पुष्कळदा उधारीवर घेतलेलं. वर त्या दिवसाची मासळी जाते आणि नवं जाळं होईपर्यंतचे दिवस जातात. म्हणजे दया सगळ्यांची, आणि तिचा खर्च एकट्या त्या नाखव्याच्या खात्यावर!

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढेच आहे. मोहिमेच्या लोकांनी हा हिशेब टाळला नाही. व्हालीला सोडताना कापलेल्या जाळ्याची भरपाई वन खातं देऊ लागलं. सुरुवातीला खरं-खोटं बघायला माणसांना होडीपर्यंत जावं लागे, तोवर तो जीव अडकलेलाच. मग मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे दिले. त्यांनीच जाळं कापायचं, फोटो काढायचा आणि तो दाखवून भरपाई घ्यायची. त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला गेला, आणि व्हालीची सुटकाही लवकर होऊ लागली. आजवर गुजरातच्या किनाऱ्यावर अशा सातशेहून जास्त व्हाली सोडल्या गेल्यात. आपल्या महाराष्ट्रातही 2018 च्या अखेरीस अशीच योजना आली. व्हेल शार्क, डॉल्फिन, समुद्री कासवं अशा संरक्षित जिवांना सोडताना जाळं कापलं, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

आता थोडं आपल्याबद्दल. पर्युषणात आपण जीवदयेसाठी पावती फाडतो. चांगलंच आहे, मीही फाडते. पण व्हालीची गोष्ट वाचल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. आमच्या गावाकडे रानडुकरं रात्रीत मक्याचं शेत लोळवतात. शेतकरी चिडतो, तेव्हा आम्ही गावातल्या घरात बसून म्हणतो, "मारू नका हो, पाप लागतं." त्याचं पीक गेलं त्याचं काय? ते कधी आमच्या खात्यावर आलंच नाही. आमच्या मंडळात मी हे बोलले तेव्हा दोघी-तिघी नाराज झाल्या. पण एकीनं विचारलं, "जीवदयेच्या पैशातून शेताच्या कुंपणाला मदत देता येईल का?" यंदा तो विषय बैठकीत घ्यायचा ठरलंय. काय होतं ते नंतर लिहीन. तुमच्या मंडळात असं काही केलं असेल तर जरूर कळवा.

आणि ते वेरावळचं. गाडीतून उतरताना मी त्या ड्रायव्हरला म्हणाले, "भाई, मघाशी मी बोलले ते चुकलं." तो हसला आणि म्हणाला, "वास तर येतोच बेन."

आयुष्यात कधी मासा न खाल्लेली मी, आणि माशासाठी जाळं कापलं ते त्याच्या मेव्हण्यानं. मला तर त्या दिवशी नुसता पदर नाकाला लावायचा होता.