अध्ययन निष्पत्ती : हिमायतनगर तालुका

इयत्ता संपताना मुलाला काय वाचता, लिहिता, मोजता आले पाहिजे, याचे ठरवून दिलेले माप म्हणजे अध्ययन निष्पत्ती. हिमायतनगर (जुने वाढोणा) हा नांदेड जिल्ह्यातला तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि मराठी शाळा गावोगाव पोचल्या. आता शाळा आहे, पटावर नाव आहे. वाचन मात्र मागे आहे. ग्रामीण भारतात तिसरीची केवळ 27.1 टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली, असे ‘असर’ 2024 हा शैक्षणिक पाहणी अहवाल सांगतो. कोविडनंतर, 2022 मध्ये, हे प्रमाण 20.5 टक्के होते.

हिमायतनगरात अडचण घरापासून सुरू होते. बंजारा तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते, सीमेलगतचे तेलुगू, काहींच्या घरी उर्दू. पुस्तकातली मराठी त्यांच्या कानावर पहिल्यांदा वर्गातच पडते. त्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर मूल गेले, की अर्धे वर्ष हातचे जाते. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर सुरू होणे फार महत्त्वाचे.

सर्वात भरवशाचा उपाय साधा आहे. मुलाला जवळ बसवून वाचायला लावायचे आणि इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट करायचे. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेने नेमलेल्या बालसखी (मदतनीस शिक्षिका) मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून शिकवत, त्याचा परिणाम अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी मोजून दाखवला. दोघे 2019 च्या नोबेलचे मानकरी. महाराष्ट्रात 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (शाळांच्या गटातल्या) शिकवण्याच्या पद्धती पाहायला जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक गेले. शेजारच्या जिल्ह्याचा ‘लातूर पॅटर्न’ गाजला तो बारावी आणि प्रवेशपरीक्षांसाठी. पहिलीतल्या अडखळणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

2021 च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे यासाठी 2026-27 ची मुदत घातली. दोनशिक्षकी शाळेत गुरुजी एरवीही दोन-तीन इयत्ता एकत्र बसवतात, त्यामुळे पातळीनुसार गट तिथे सहज जमतात. मात्र त्यासाठी रोजचा तासभर अहवाल, सर्वेक्षणे आणि बैठकांपासून राखून ठेवावा लागतो, आणि ते काम गटशिक्षणाधिकारी व केंद्रप्रमुखांचे आहे.