रात्र फुकट नसते

माझं बालपण कुरखेड्यात गेलं. आमचा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. जुनी माणसं 'चांदा'च म्हणत. घरात रॉकेलची चिमणी, पाहुणे आले की कंदील आणि गावात नाटक असलं की गॅसबत्ती, अशी आमच्या उजेडाची चढती भाजणी होती. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं. ऐन रंगात बत्ती मंदावली की मागून कुणीतरी ओरडायचं, "हवा मार गा!"

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. १९९९ मध्ये तिथून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत, सुमारे साडेसातशे किलोमीटर वीज वाहून नेणारी वाहिनी उभी राहिली. वीज इतक्या लांब गेली, पण कुरखेड्याच्या आत, जंगलातल्या ज्या टोल्यावर मी प्राथमिक शाळेत शिकवत होतो, तिथे ती आली नाही. कारणंही होती. वीस-पंचवीस घरांसाठी मैलोन्‌मैल खांब रोवायचे आणि मध्ये जंगल. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर त्यातून तार न्यायलाही केंद्राची परवानगी लागे.

अशा गावांसाठी मग सूर्याचा विचार झाला. प्रकाशातून वीज मिळते हे फ्रान्सच्या बेकेरेल यांनी १८३९ मध्येच पाहिलं होतं. पण कामाचा सिलिकॉन सेल १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची तो वीज करी. चारच वर्षांनी तो व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून अंतराळात गेला. आपल्याकडे १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९८५ मध्ये राज्यात महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे 'मेडा', स्थापन झालं.

आमच्या टोल्यावर सौरदिवे आले ते २००२ मध्ये. ३७ वॅटचं पॅनल, ९ वॅटचे दोन सीएफएल दिवे आणि १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी. मीही पैसे भरून माझ्या खोलीवर तसाच एक संच बसवून घेतला. गंमत पाहा, छपरावरचं पॅनल १९५४ च्या शोधाचं; पण कोपऱ्यातली शिसं-आम्लाची बॅटरी मात्र १८५९ मध्ये प्लांते यांनी शोधलेली, पॅनलपेक्षा ९५ वर्षांनी थोरली! आणि सगळा संसार त्या थोरलीवरच होता.

हिशेब सोपा होता. दोन्ही दिवे रोज चार तास जाळले की ७२ वॅट-तास खर्च. बॅटरीत ४८० मावत, पण निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर खराब होते. म्हणजे ऊन पडलं नाही तर तीन रात्री निभतील. आता आमच्याकडची श्रावणातली झड कधी तीन दिवसांत आटोपते का?

बॅटरी उतरली की कंट्रोलरचा लाल दिवा लागे आणि वीज बंद होई. बॅटरीला जपण्यासाठीच ती सोय होती. आम्हाला मात्र ती अडवणूक वाटली. मार्च २००३ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मीच कंट्रोलर वगळून छोटा टीव्ही थेट बॅटरीला जोडला. भारत हरला, आणि त्याहून वाईट म्हणजे टोला शिकला. गुरुजींनी केलं म्हणजे ते बरोबरच! घरोघरी तशाच तारा जोडल्या गेल्या. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी कुरखेड्याहून आणावं लागे. ते सरलं की लोक विहिरीचं ओतत. त्यातल्या क्षारांनी बॅटरीच्या पट्ट्या खराब होत गेल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात निम्म्याहून अधिक दिवे विझले. पॅनल मात्र सगळी धडधाकट. एक म्हातारी मला म्हणाली, "सूर्य त रोज निंगते गा गुरुजी, मंग दिवा काहून नाही लागत?" मी मान खाली घातली. ज्या घरात चिमणी अडगळीत गेली होती, तिथे ती पुन्हा पुसून लावली गेली. पोरांची वह्या-पुस्तकं पुन्हा काजळीत गेली.

पुढे बरंच बदललं. एलईडी दिव्यांनी खर्च कमी केला. २०१७ च्या 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा संच ठरला आणि त्याबरोबर पाच वर्षांची देखभालही लिहिली गेली. आमचा धडा निदान कागदावर तरी उतरला! १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीच्या जनकांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. तिचाच एक प्रकार, लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी, आता घरांत आणि दुकानांत येतो आहे. तिला पाणी लागत नाही आणि ती हजारो वेळा भरता-उतरवता येते. झेरॉक्सवाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला भर दुपारी वीज गेली तरी हात थांबवावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेतले बहुतेक संच विजेच्या तारेला जोडलेले, बिनबॅटरीचे असतात. बिल कमी होतं, हे खरंच. पण तारेतली वीज गेली की भर उन्हातही तो संच बंद होतो, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनला धक्का बसता कामा नये. वादळात झाड पडून तार तुटते, त्या आमच्या मुलखात हे विचारूनच घ्यावं.

माझं ते ३७ वॅटचं पॅनल आज कुरखेड्याच्या घरावर आहे. वयोमानाने थोडं मंदावलंय, पण नवा कंट्रोलर आणि नवी बॅटरी जोडल्यावर अंगणातला दिवा रोज लावतं. म्हणून कुणी संच घ्यायला निघालं की मी पॅनलबद्दल फार विचारत नाही. एवढंच विचारतो, 'बॅटरी किती वर्षांची? आणि बिघडली तर गावात कोण येणार?' ऊन फुकट मिळतं, रात्र नाही. ती सांभाळायला माणूस लागतो.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)