एकट्यानें खेळलेली नेस्बीची लढाई

टेबलावर नकाशा पसरून एकट्यानेंच दोन्ही सैन्यें लढवीत बसणें हा प्राध्यापकास शोभणारा उद्योग नव्हे, असें आमच्या घरांतील मंडळींचें मत आहे. तथापि इंग्लंडच्या यादवी युद्धांतील नेस्बीची लढाई या रीतीनें पांच वेळां खेळल्यावर आम्हांस आमचें एक जुनें मत सोडावें लागलें. त्याची हकीकत येथें देत आहों.

१४ जून १६४५ रोजीं ही लढाई झाली. पहिल्या चार्ल्स राजाजवळ सुमारें १०,००० लोक होते. फेअरफॅक्सच्या हाताखालीं पार्लमेंटचे सुमारें १४,०००. राजाच्या उजव्या बगलेवरून प्रिन्स रूपर्टच्या घोडदळानें आयर्टनची फळी फोडली व पाठलाग करीत तें थेट शत्रूच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेलें. दुसऱ्या बगलेस क्रॉम्वेलनें लँग्डेलचा मोड केला. परंतु आपले राखीव स्वार आवरून त्यानें ते राजाच्या उघड्या पडलेल्या पायदळावर लोटले. रूपर्ट परतला तेव्हां सर्व आटोपलें होतें. त्याच्या उतावळेपणानें राजा बुडाला, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों.

एकट्यानें खेळण्यांतील अडचण अशी कीं, स्वतःपासून कांहीं लपवितां येत नाहीं. राजाकडून खेळतांना क्रॉम्वेलचा बेत ठाऊक असतोच. म्हणून प्रत्येक बाजूचे तीन बेत चिठ्ठ्यांवर लिहून त्यांतील एक न पाहतां उचलावयाचा, आणि विजयी घोडदळ थांबतें कीं उधळतें हें फांशावर सोंपवावयाचें, असा नियम आम्ही केला. येथेंच आमची लेखणी अडली. क्रॉम्वेलच्या स्वारांस थांबणें सोपें आणि रूपर्टच्या स्वारांस कठीण, असे आंकडे मांडावयाचे तर त्याचें कारण काय?

कारण शोधूं लागतांच दोघांचे स्वभाव मागें पडले. क्रॉम्वेलजवळ लँग्डेलच्या जवळजवळ दुप्पट स्वार होते. कांहीं पुढें धाडून बाकीचे राखून ठेवणें त्यास परवडत होतें. रूपर्टची चढाई आपल्या तोलाच्या शत्रूवर होती. शिवाय पार्लमेंटनें त्याच वर्षीं उभारलेल्या नव्या सैन्यांत कवाईत आणि शिस्त यांवर विशेष भर होता. एका डावांत आम्ही फांसा बाजूस ठेवून रूपर्टला स्वहस्तें थांबविलें. तरीही राजा हरला. खेळ म्हणजे पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या पराभवाचें कारण संख्येंत व संघटनेंत शोधावयाचें, त्याचा दोष एका पंचवीस वर्षांच्या तरुणावर टाकून आम्ही मोकळे झालों होतों.

तथापि या शिस्तीचाही फार गौरव करूं नये. लढाईनंतर याच विजयी सैनिकांनीं राजाच्या छावणीबरोबरच्या सुमारें शंभर स्त्रिया कापून काढल्या. त्यांच्यासाठीं आमच्या पेटींत एकही सोंगटी नाहीं. पुढील सत्रांत नेस्बी शिकवितांना ही गोष्टही सांगावयाची, असें आम्हीं आमच्या टिपणवहींत लिहून ठेविलें आहे.